काळं न होणारं तेल

काशिराम घरत शब्दाचा पक्का माणूस, असं गावात सगळे सांगत आणि सांगताना थोडे हसत. करंजाड्याला लागून असलेल्या त्या गावात शब्द देणारे पुष्कळ होते, शब्द फिरवणारे त्याहून जास्त. पण काशिराम एकदा "नाय" म्हणाला की तो नाय दगडावर कोरून ठेवल्यासारखा. न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात वीस वर्षं त्याने ट्रेलर चालवला. वाट बघायला लावली तर दिवसभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा, पण मधली गल्ली पकडून पुढे घुसला असं कधी झालं नाही. अशा माणसाचा शेजाऱ्याला त्रास नसतो. घरच्यांना मात्र असतो.

त्याच्या घराला आणि थोरल्या भावाच्या घराला अंगण एकच होतं. थोरला आनंदा, बंदरातच पण वर्कशॉपमध्ये, क्रेन आणि डंपर उघडून बसणारा मेकॅनिक. दोन हजार चार साली बापाचं मिठागर प्रकल्पात गेलं. कागदावर आनंदाने आधी सही केली, धाकट्याला न विचारता. काशिरामचं म्हणणं, विचारलं असतं तर मीही केली असती. पण विचारलं नाही ना. त्याने शेवटच्या राशीतलं मूठभर मीठ उचललं, सगळ्या भावकीसमोर पाण्याच्या घागरीत सोडलं आणि म्हणाला, "याच्या हातचा काय बी माज्या घरात आला, तर मी या मिठासारका इरघलंन." घरत मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मिठावर जगलेली. त्यांच्यात ही शपथ कुणी थट्टेत घेत नाही. दुसऱ्याच आठवड्यात अंगणात छातीएवढी भिंत उठली आणि काशिरामच्या घरात आनंदाचं नाव घेणंही बंद झालं.

भिंतीपलीकडून आनंदाच्या खोकल्याचा, पान्यांचा, रेडिओचा आवाज यायचा. काशिराम तो ऐकायचा नाही. म्हणजे कानावर पडायचा, पण ऐकायचा नाही. माणूस ठरवलं की हेही करू शकतो.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात काशिरामच्या बायकोच्या, हौसाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसहाला पनवेलच्या हॉस्पिटलात डायलिसिस. चार तास मशीनवर. अंगातलं सगळं रक्त नळीतून बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत घालायचं. डॉक्टरांनी काशिरामला बाजूला घेऊन सांगितलं की दोन फेऱ्या लागोपाठ चुकल्या तर आम्ही काही करू शकणार नाही. मुलगी पेणला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. काशिरामने जुनी पांढरी व्हॅन विकत घेतली आणि ठरवून टाकलं की ही व्हॅन हौसाची. तिच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या कामाला हलवायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उरणजवळच्या करंजाला बहिणीकडे, ठमाबाईकडे, जायचा, सुकी मासळी आणायला, तेव्हासुद्धा एसटीने जायचा.

गॅरेजवर त्याचा विश्वास नव्हता. ऑइल स्वतः बदलायचं, घरी, अंगणात. आणि ऑइल कुठलं, तर महामार्गाजवळ नवीन झालेल्या मॉलमध्ये मिळणारं, मॉलच्याच नावाचं. करडा डबा, हिरवी पट्टी, वर लिहिलेलं सिंथेटिक. नावाजलेल्या कंपनीच्या तेलाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. गावातल्या पोरांनी त्याची टर उडवली. मॉलमध्ये चड्डी-बनियन घ्यावं, इंजिनचं तेल घेतात का, असं म्हणाले. काशिरामने डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि घेतलं. आकडा जुळतो, मग नावाचं काय करायचंय, हे त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. त्या तेलाला एक वास मात्र वेगळा होता, कापूर आणि रॉकेल यांच्या मधला. एकदा नाकात बसला की विसरता यायचा नाही.

वर्षातून दोनदा, दसऱ्याआधी आणि होळीनंतर, तो पोतं अंथरून व्हॅनखाली शिरायचा. ड्रेन बोल्ट सोडायचा, जळकं ऑइल पत्र्याच्या घमेल्यात घ्यायचा, फिल्टर बदलायचा, वरून नवं साडेतीन लिटर ओतायचा. ते काळं ऑइल गावात कुणी ना कुणी मागून न्यायचं, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासायला. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्मेसुद्धा व्हायच्या आत तो बदलायचा. तीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस, त्याला वाटायचं गाडीची काळजी आपल्यासारखी कुणी घेत नसेल.

त्यात एक वेडेपणा शिरला. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा हॉस्पिटलच्या आवारात व्हॅन सुरू होईना. मशीनवरून उतरलेली, चेहरा राखेसारखा झालेली हौसा पाऊण तास उन्हात पायरीवर बसून राहिली. त्या दिवसापासून काशिरामने व्हॅन बंद करणंच सोडलं. ती आत चार तास मशीनवर, हा बाहेर चार तास इंजिन चालू ठेवून बसलेला. आत एक यंत्र फिरतंय, बाहेर दुसरं. वॉचमन ओरडायचा, पेट्रोल जळायचं, आणि तेलात पैसे वाचवणारा हा गृहस्थ डोळे मिटून सीटखालची घरघर ऐकत बसायचा. घरघर एकसारखी आहे तोवर आत सगळं ठीक आहे, अशी त्याची समजूत होऊन बसली.

दर सोमवारी तो इंजिनमधल्या तेलाची पातळी दाखवणारी गेजपट्टी काढून बघायचा. त्या पहिल्या दिवाळीपर्यंत तेल तपकिरी झालं, नंतर काळपट. हे व्हायचंच. इंजिनमधली घाण आपल्या अंगावर घ्यायची हेच तेलाचं काम. पण मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्याने पट्टी काढून फडक्याला पुसली आणि हात तसाच राहिला. फडक्यावर पिवळा, स्वच्छ, मधासारखा डाग होता. त्याने पट्टी परत बुडवली, परत काढली. तेल पिवळंच. पातळी बरोबर वरच्या खुणेवर, केसाचाही फरक नाही. नाकाशी नेलं, तर तोच वास, कापूर आणि रॉकेलच्या मधला.

काळं झालेलं तेल आपोआप उजळत नाही. हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. काशिरामने आपल्या डोळ्यांना दोष दिला, मोतीबिंदू असेल म्हणाला आणि कुणाला काही बोलला नाही.

होळीनंतर त्याने ड्रेन बोल्ट सोडला तेव्हा घमेल्यात जी धार पडली तीही तशीच, उन्हात चमकणारी, तळ दिसेल अशी. एक बाटली भरून तो पनवेलला अविनाशच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. अविनाशने थेंब बोटांत चोळला, उजेडात धरला आणि वैतागला. "काका, हे आत्ता डब्यातून काढलेलं तेल आहे. माझी परीक्षा घेताय का?" काशिराम म्हणाला, सहा महिने गाडीत होतं. अविनाशने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि चहा मागवला. वेड लागलेल्या माणसाला देतात तसा चहा.

काशिरामने मग शंका फेडून घ्यायचं ठरवलं. नवं तेल भरल्यावर त्याने तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, घेतला, ड्रेन बोल्टच्या माथ्याला दोन वेढे दिले आणि शेजारच्या लोखंडी पट्टीला बांधून टाकला. गाठ मारली ती उघाडीची. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायची फळी असते, तिच्या दोरीला त्याचा बाप ही गाठ मारायचा. वरून साधी दिसते, पण एक फेरा उलटा आतून जातो. ज्याला माहीत नाही त्याने सोडली तर परत तशी बांधता येणार नाही. बाप गेला, मिठागर गेलं, आता ही गाठ जगात आपल्याशिवाय कुणाला येत नाही, असं काशिरामने मनाशी म्हटलं. व्हॅनची किल्ली तर घरातच, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. आणि किल्लीशिवाय दार उघडत नाही, दाराशिवाय सीट उचलत नाही, सीट उचलल्याशिवाय इंजिन दिसत नाही.

महिनाभरात गेजपट्टीवरचं तेल तपकिरी व्हायला लागलं आणि एका सोमवारी परत पिवळं झालं. काशिराम धावत व्हॅनखाली शिरला. तंगूस जागच्या जागी. गाठ तीच, उलटा फेरा आतून, टोक तेवढंच. धूळसुद्धा बसलेली. तो तसाच खाली पडून राहिला, वरचं इंजिन अजून कोमट होतं, आणि त्याला वाटलं की आपल्या नाकापासून वीतभर अंतरावर काहीतरी आहे आणि ते आपल्याला ओळखतं.

दसऱ्याला तेल स्वच्छ. पुढच्या होळीला स्वच्छ. त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही स्वच्छ. त्या पहिल्या होळीपासून दर वेळी थोडं तेल तो लोणच्याच्या बरणीत भरून मागच्या फळीवर ठेवायचा. चार बरण्या झाल्या, चारही पिवळ्या. दुपारचं ऊन खिडकीतून आलं की भिंतीवर चार पिवळे डाग पडायचे आणि काशिराम त्या खोलीत जायचं टाळायचा.

आता माणसाचं मन मोकळं बसत नाही. याच दोन वर्षांत हौसाचे रिपोर्ट बरे येत होते. तिच्या बरोबरीने मशीनवर चढलेल्या तिघी गेल्या. तिच्या शेजारच्या खाटेवरची उरणची गोदूबाई तर शनिवारी गप्पा मारून गेली आणि मंगळवारी खाट रिकामी होती. हौसा मात्र टिकून. डॉक्टर म्हणायचे, रक्त छान साफ होतंय. काशिरामच्या डोक्यात हे वाक्य अडकून बसलं. तिचं रक्त साफ होतंय. आणि इथे हे तेल साफ होतंय. त्याने हे कधी मोठ्याने म्हटलं नाही, पण रात्रंदिवस त्याच्या मनात तेच. व्हॅनमध्ये जे काही चाललंय ते तिच्यासाठी चाललंय. तेल स्वच्छ आहे तोवर हौसा आहे.

एकदा असं मानलं की मग माणूस त्याच्या मागे किती नियम लावतो. मॉलचंच तेल, दुसरं चालणार नाही. मॉलमध्ये एकदा महिनाभर तो करडा डबा आला नाही, तेव्हा काशिराम रोज जाऊन रिकाम्या फळीसमोर उभा राहायचा. ओतताना बोलायचं नाही. व्हॅनला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. हौसा विचारायची, अवो, एवढं काय त्या गारीला जपताव, तर तो नुसता तिच्याकडे बघायचा. त्या बघण्याने ती गप्प व्हायची. तिलाही काही सांगायचं असायचं, ते ओठांवर यायचं आणि परत जायचं. काशिरामने एवढं सगळं बघितलं, ते मात्र त्याला दिसलं नाही.

दोन हजार चौदाची होळी झाली. बुधवारी सकाळी त्याने पोतं अंथरलं. त्या थंडीत त्याने सोमवारी गेजपट्टी बघणं सोडून दिलं होतं, भीतीने म्हणा किंवा श्रद्धेने. तंगूस कापला, बोल्ट सोडला.

धार काळी होती.

काळी म्हणजे डांबरासारखी, जड, तुटत तुटत पडणारी. सहा महिन्यांच्या उभ्या-चालू इंजिनची सगळी घाण त्यात उतरलेली. घमेलं भरलं आणि त्यात काशिरामला स्वतःचं तोंडसुद्धा दिसेना. आतून हौसाने विचारलं, चहा टाकू का. त्याने घमेल्यावर पोतं ओढलं.

नवं तेल त्याने भरलं, ओतताना थोडं मातीत सांडलं. काळं तेल त्याने पाचव्या बरणीत भरून आधीच्या चार बरण्यांच्या मागे लपवलं. त्या दिवसापासून तो हौसाच्या मरणाची वाट बघायला लागला. हे वाक्य वाईट आहे, पण खरं तेच. ती जेवताना तो तिच्या घशाकडे बघायचा. दुपारी ती पडली की उंबऱ्यात बसून तिच्या पदराची हालचाल मोजायचा. मशीनवर घातली की बाहेर व्हॅनमध्ये घरघर ऐकायचा, आणि आता त्या घरघरीत त्याला मधूनच एक टकटक ऐकू यायची. कुणी आतून बोटाने वाजवावं तशी. तो अंग चोरून बसायचा आणि टकटक मोजायचा.

भिंतीपलीकडून हल्ली पान्यांचा आवाज येत नव्हता. रेडिओही नव्हता. फक्त खोकला, लांबत जाणारा, ओला. हौसा दोनदा म्हणाली की जरा पलीकडं जाऊन या. दोन्ही वेळा काशिराम ताटावरून उठला. तिसऱ्या वेळी तिने नाव घेतलं तेव्हा तो मागचं दार उघडून परसात निघून गेला. त्याला वाटलं, हिचा शेवट जवळ आला म्हणून ही भांडणं मिटवायला निघालीय. एवढं उलटं डोकं फार थोड्यांना असतं.

असे पस्तीस-चाळीस दिवस गेले. एका रविवारी दुपारी हौसा मागच्या खोलीत लोणच्याची बरणी शोधायला गेली आणि पाचवी बरणी हातात घेऊन बाहेर आली. काशिराम उंबऱ्यात बसलेला. तिने बरणी त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं की हे कधी निघालं. त्याचा बांध फुटला. होळीला, म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं, उजळणारं तेल, न सुटलेली गाठ, तिचं रक्त, टकटक, सगळं. साठी ओलांडलेला माणूस लहान पोरासारखा रडत होता आणि म्हणत होता की तू आता राहत नाहीस.

हौसा हळूहळू खाली बसली. तिचा हात सुजलेला, सुया टोचून निळा पडलेला. तो तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"मी मराची वाट बगत बसल्याव तुमी," ती म्हणाली. "आनि मरतंय तो पलीकरं."

मग तिने सांगितलं. त्या पहिल्या दिवाळीनंतर तिला व्हॅनमध्ये बसल्यावर सीटखालून वाईट आवाज यायला लागला होता. नवऱ्याला सांगून उपयोग नाही, तो म्हणणार, आकडा जुळतो. म्हणून एका रविवारी, काशिराम करंजाला गेल्यावर, ती भिंतीजवळ गेली आणि सात वर्षांनी दिराशी बोलली. गाडी रस्त्यात बंद पडली तर मी जगत नाही, एवढंच म्हणाली. आनंदाने किती तास चालू असते ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला आणि किल्ली मागितली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, एसटी नाक्यावरून वळली की हौसा किल्ली भिंतीवर ठेवायची. तो यायचा, तासाभरात तेल बदलायचा, जाताना बोल्टवर मूठभर धूळ उडवून जायचा. काळं तेल स्वतःच्या परसात न्यायचा. शपथ मोडली हे कळलं असतं तर काशिरामने व्हॅनला परत हात लावला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघंही मूग गिळून बसले. दिवाळीपासून आनंदा अंथरुणाला खिळला होता, छातीत पाणी झालेलं. तेव्हापासून तेल तसंच.

काशिराम ऐकत होता, पण मधेच त्याला दुसरंच काही दिसलं. ती गाठ. उलटा फेरा आतून. बापाने ती बांधावर बसून शिकवली तेव्हा तो एकटा नव्हता. शेजारी आनंदा होता, आणि बापाने आधी आनंदाचेच हात धरले होते. जगात आपल्याशिवाय कुणाला ही गाठ येत नाही असं म्हणताना त्याने भावाला जगातच धरलं नव्हतं. भूत मानायला तो तयार झाला, पण भाऊ आहे हे त्याला आठवलं नाही. इतकी लाज काशिरामला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

तो उठला आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला. ओट्यावर आनंदाची सून कोमल तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. आत खाटेवर आनंदा होता, उरला होता तेवढा. खाटेखाली करडे डबे रचून ठेवलेले, हिरव्या पट्टीचे, काही रिकामे, तीन भरलेले. मॉलचंच तेल. म्हणजे तो वासही तोच असायला हवा हे त्याने ओळखलं होतं.

काशिरामने तोंड उघडलं, पण दहा वर्षं न मारलेली हाक बाहेर आली नाही. लहानपणापासून थोरल्याला म्हणायचा तसं दादूस म्हणायचं होतं. आनंदाने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि नवल वाटल्यासारखं काही दाखवलं नाही. श्वास गोळा करून, थांबत थांबत बोलला.

"तेल चांगला हाय तुजा. पन किलोमीटर नको मोजू, तास मोज. उबी गारीच जास्त दमते." मग खूप वेळ नुसता धापा टाकत राहिला. "आज बदल. नंतर तुला सुतक लागंल. तू मेल्या, धा दिस हलाचा नायस, बापाच्या येलला बगलाय मी. माज्या सुतकात बसू नको. मंगलवारी तिला ने."

काशिरामने मान हलवली. खाटेखालचे भरलेले डबे त्याने बाहेर ओढले, दोन उजव्या हातात, एक डाव्या, आणि आपल्या अंगणात घेऊन आला. हौसा उंबऱ्यातून बघत होती. त्याने पोतं अंथरलं. होळीला भरलेलं तेल चाळीस दिवसांतच चहाच्या रंगाचं झालं होतं. नवं भरून त्याने इंजिन सुरू केलं. टकटक नव्हती. तो पलीकडे सांगायला गेला तेव्हा आनंदाला झोप लागली होती. कोमल म्हणाली, उठवू नका, चार दिवसांनी डोळा लागलाय. काशिराम म्हणाला, बरं, सकाळी येतो.

आनंदा सोमवारी पहाटे गेला. हाक राहूनच गेली.

सोमवारी दुपारी सगळं उरकलं. काशिरामने खांदा दिला, कुणाकडे बघितलं नाही. गावाला वाटलं, भाऊ गेला तरी याच्या तोंडून शब्द फुटला नाही, असला कसला माणूस.

मंगळवारी सकाळी सहाला अंगणात भावकी बसली होती. बायका भिंतीला टेकून, पुरुष खाली मान घालून. काशिराम घरातून हौसाला धरून बाहेर आला, तिला व्हॅनमध्ये बसवलं, पायावर चादर घातली आणि दार लावलं. गावातले म्हातारे कमळाकर पाटील काठी टेकत पुढे आले. सख्खा भाऊ, दुसरा दिवस, चूल बंद, आणि गाडी काढतोस? लोक काय म्हणतील, असं काही ते बोलत होते. काशिराम ड्रायव्हरच्या दाराशी थांबला. सगळी भावकी त्याच्याकडे बघत होती, आणि दहा वर्षांत त्या अंगणात कुणी न ऐकलेला शब्द तो बोलला.

"दादूस सांगून गेलाय," तो म्हणाला. "मंगलवार चुकवायचा नाय."

कमळाकर पाटील बाजूला झाले. व्हॅन अंगणातून बाहेर पडली आणि पनवेलच्या रस्त्याला लागली.